कडुलिंबाकडची बाजू

आमच्या विहिरीत कडुलिंबाच्या बाजूनं उडी मारायची नाही, हे मला कुणी सांगितलं ते आठवत नाही. चुलीत हात घालायचा नाही हे तरी कुणी सांगितलं होतं? पोर चालायला लागलं की आमच्या वस्तीवर त्याला या दोन्ही गोष्टी आपोआप कळतात.

माहेर माझं सोलापुरापासून लांब नाही. मंगळवेढ्याच्या रस्त्यानं गेलं की हमरस्ता सोडून थोडं आत आमची वस्ती. विहीर आजोबांच्याही आधीची, चौकोनी, दगडी, एका अंगानं पायऱ्या उतरत गेलेल्या. एका बाजूला मोटेचं थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी जिथं ओतायचे तो दगडी ओटा, आणि त्याच्या बरोबर समोर कडुलिंब. कडुलिंबाखाली विहिरीच्या आतच आजोबांनी ऑइल इंजिन बसवलं होतं, लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर. एका पावसात ती कड ढासळली आणि इंजिन सांगाड्यासकट खाली गेलं. इंजिन काढलं आणि विकलं. सांगाडा गाळात रुतला तो रुतलाच. त्याचे अँगल अजून उभे आहेत, टोकं वर करून. विहीर भरलेली असली की ते पाण्याखाली बुडतात आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. त्यावर कुणी पडला तर संपलाच.

का नाही काढले म्हणाल, तर पाणी असलं की ते दिसत नाहीत, आणि पाणी तळाला गेलं की विहिरीत पोहायचं कुणाला सुचतं! आमच्याकडं दुष्काळ पडला की तळातलं पाणी घागरी-घागरीनं वर काढण्यातच जीव जातो. तेव्हा ते लोखंड उघडं पडतं, पोरं त्याला हात लावून येतात, बाया त्यावर फडकी वाळत घालतात. मग पाऊस येतो आणि ते पुन्हा बुडतं. काढू काढू म्हणत दादाचे केस पिकले.

मी शहरात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. दिवसभर दाखले आणि पालकांची भांडणं. त्यातून सुटका म्हणून मी एका मंडळात जायला लागले. मंडळ म्हणजे काय, वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी जमणारी आठ-दहा माणसं. लोकांनीच लिहायचा तो इंटरनेटवरचा ज्ञानकोश असतो ना, त्यात आम्ही आपल्या भागाबद्दल लिहायचो. जुन्या वेशी, तालमी, तळी, दर्गे, बारवा. लिहून झालं की ते पान नकाशावरच्या जागेला जोडायचं. म्हणजे नकाशात कुणी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं की आमचं लिहिलेलं पान उघडणार. आमचे म्होरके एक निवृत्त सर, भूगोलाचे. माणूस देवमाणूस, पण नियमाचा असा पक्का की बायकोलासुद्धा चहा नियमाप्रमाणे मागत असेल.

सरांचे नियम दोन. पहिला, आपल्या मनाचं काही घालायचं नाही, जागेवरच्या माणसानं सांगितलेलं तेवढंच लिहायचं. दुसरा, स्वतःच्या घराबद्दल, नात्यातल्या माणसाबद्दल स्वतः लिहायचं नाही, कारण माणूस आपल्याचं कौतुक करतो. विहिरीचं नाव मीच सुचवलं, पण नियमात अडकले. सर म्हणाले, "तुम्ही संबंधित आहात. तुम्ही नुसत्या सोबत या. लिहून मी घेतो."

दादाला फोन केला तेव्हा तो आधी हसला. "इहिरीचं काय लिव्हणार? इहीर ती इहीर."

पण आम्ही गेलो त्या दिवशी बघायचं होतं त्याला! इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, दाढी घोटलेली. वहिनीनं अंगण सारवलेलं. आमच्याकडं पाहुणा आला की आधी विहीर दाखवायची, मग चहा. पाण्याला किती तोटा आहे ते सोलापूरकराला सांगायला नको. ज्याची विहीर आटत नाही त्याची मान ताठ असते. दादानं सरांना विहिरीभोवती फिरवलं, पारव्यांच्या देवळ्या दाखवल्या, कोणत्या दुष्काळात सगळ्या गावानं इथून पाणी भरलं ते सांगितलं, दगड कुठल्या खाणीतला तेही सांगितलं. सरांनी मोबाइल पुढं धरलेला. दादा बोलतोय, सर मान हलवताहेत. मी शेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते आणि मला माझ्या भावाचा काय अभिमान वाटत होता म्हणून सांगू!

लोखंडाचा शब्द कुणी काढला नाही. दादानं नाही, वहिनीनं नाही, मी नाही. लपवायचं म्हणून नव्हे हो. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं कुणी तिच्या दम्याचं बोलतं का, त्यातलंच ते. आणि खरं सांगायचं तर ते कुणाला सुचलंच नाही. जे सगळ्यांना ठाऊक आहे ते सांगायचं काय?

सरांनी पान लिहिलं ते झकास. विहिरीची मापं, बांधणी, पारवे, गावानं पाणी भरल्याची हकीगत. शेवटी एक ओळ होती: विहिरीचे पाणी बारमाही, स्वच्छ व थंड असून परिसरातील अनेक पिढ्या येथेच पोहायला शिकल्या. ही ओळ दादाच्याच तोंडची, आणि खोटी मुळीच नाही. मी स्वतः पाठीला पत्र्याचा डबा बांधून तिथंच पोहायला शिकलेय. मी पान वाचलं, पुन्हा वाचलं, नवऱ्याला वाचून दाखवलं, शाळेतल्या बाईंना दाखवलं. मग सरांनी ते नकाशाला जोडलं आणि आमच्या रानात, ज्वारीच्या पट्ट्याशेजारी, एक ठिपका उमटला.

उन्हाळ्यात फार कुणी आलं नाही. एखादा फोटोवाला, एखादं जोडपं. दादा खूष. "काल पुण्याची माणसं आलती. इंटरनेटवर वाचून आलो म्हनली." वहिनी येईल त्याला चहा करून घालायची आणि मला फोनवर सांगायची, "वन्सं, तुमच्या नकाशानं माझी साखर संपवली बगा."

मग परतीचा पाऊस आला. आमच्याकडं पाऊस पडला तर तो तेव्हाच, आणि त्या वर्षी पडला तो धो धो. विहीर भरली. पाणी पार थारोळ्याला टेकलं. कुणीतरी तिचा भरलेला फोटो नकाशावरच्या ठिपक्याला चिकटवला. हिरवंगार पाणी, त्यात कडुलिंब उतरलेला. बघून माझंच मन पोहलं.

घट बसायच्या आधीचा रविवार होता. मी मंडळात जायची तयारी करत होते. चहाचा कप एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. सवयीनं आमचा ठिपका उघडला तर नवा फोटो. नुकताच टाकलेला. विशीतली चार पोरं विहिरीच्या काठावर उघडी उभी, एकमेकांच्या गळ्यात हात, ओल्या केसांची. आणि उभी कुठं? कडुलिंबाखाली. खाली लिहिलं होतं: जागा एक नंबर, आता वरून उड्या.

कप खाली ठेवला की टाकला ते मला माहीत नाही. दादाला फोन लावला. लागेना. तो शेळ्या बघायला सांगोल्याच्या बाजाराला गेला होता, हे त्यानं मला आदल्याच दिवशी सांगितलेलं. बाजाराच्या गलक्यात त्याला फोन ऐकू येईल तर शपथ. वहिनीला लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. मग आठवलं, घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या वाकळा धुवायच्या असतात. वहिनी ओढ्यावर असणार आणि फोन घरात फळीवर पडलेला. वस्तीवरच्या सगळ्याच बाया ओढ्यावर. म्हणजे विहिरीजवळ कुणीच नाही, ज्याला ठाऊक आहे असं एकही माणूस नाही!

सरांना फोन केला. ते वाचनालयात पोचलेले.

"सर, आमच्या विहिरीचं पान काढा. ठिपका काढा. आत्ताच्या आत्ता."

"का हो? काय झालं?"

"पाण्याखाली लोखंड आहे. पोरं उड्या मारताहेत. माणूस मरेल!"

"लोखंड? मुलाखतीत तर तसं काही आलं नाही." मग शांतपणे, "असं एकदम काढता येत नाही, बाई. मजकुरात भर घालू. पण त्याला कुणाचा तरी संदर्भ…"

"सर, तुमचा संदर्भ घाला चुलीत!" असं मी त्यांना म्हटलं. वयानं एवढे मोठे, मी त्यांना नमस्कार केल्याशिवाय कधी बसत नाही. पण बोलले आणि फोन कट केला. तसंही पान काढून काय होणार होतं? त्या पोरांचं पान वाचून झालेलं होतं. आता ती पाण्याकडं बघत होती.

स्कूटी काढली. नवरा मागून ओरडतोय, हेल्मेट, अगं हेल्मेट! कसलं हेल्मेट. जुन्या पुलाच्या पुढं रस्त्याचं काम चाललेलं, एका बाजूनं ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूनं ट्रक. मी जन्मात स्कूटी एवढी पळवली नाही. मनात एकच हिशेब चाललेला, की पोरं आधी पायऱ्यांवरनं उतरतील, मग थारोळ्यावरनं उड्या मारतील, कारण थारोळं बुटकं आहे. कडुलिंबाकडचा काठ उंच. तिथं यायला धीर लागतो. धीर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ दे रे देवा, असं मोठ्यानं म्हणत चालले होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायला लागला तर त्याच्यावरही खेकसले, "काय बघतो? जा की पुढं!"

हमरस्ता सोडला आणि कच्च्या वाटेला लागले. पावसानं वाट चिखलाची झालेली. स्कूटी दोनदा घसरली, तिसऱ्यांदा मी ती तिथंच आडवी टाकली आणि धावले. ज्वारीच्या नव्या पेरणीतून, बांधावरून. ओरडण्याचा आवाज येत होता, हसण्याचा, आणि मग धप्पकन पाण्याचा. त्या आवाजावरून मला कळलं की उडी थारोळ्यावरची आहे. आमच्या विहिरीचा प्रत्येक आवाज मला कळतो. मला एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

काठाशी पोचले तर दोघं पाण्यात, एक पायऱ्यांवर मोबाइल धरून बसलेला, आणि चौथा समोर कडुलिंबाखाली, कठड्यावर चढलेला. मोबाइलवाला त्याला सांगत होता, जरा पुढं, जरा डावीकडं. पोरं आपसात तेलुगूत बोलत होती. सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली असणार.

"ए! थांब! तिथनं नको! तिथनं नको रे!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी चिखलानं माखलेली, केस सुटलेले, हात हलवत धावत येणारी बाई. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या विहिरीवर उघड्या उभ्या असलेल्या पोराला काय वाटणार? त्याला वाटलं मळ्याची मालकीण आली, आता शिव्या देणार, हाकलणार. पाण्यातल्या पोरांनाही तेच वाटलं. ती हसून ओरडली, "मार मार, लवकर मार!" आणि तो हसला. मला अजून दिसतो तो हसताना. शिव्या पडायच्या आत एक उडी मारून घ्यावी म्हणून हसत त्यानं नाक धरलं आणि उडी टाकली.

धप्प झालं. मग काहीच नाही.

माणूस वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला. पाण्यातली पोरं अजून हसतच होती. मग पाण्याला लाल रंग चढायला लागला आणि हसू थांबलं.

पुढचं मी विचार करून केलं नाही. ओढणी कमरेला गुंडाळली, थारोळ्यावरनं उडी टाकली आणि आडवी पोहत त्या बाजूला गेले. पन्नाशी उलटल्यावर मी त्या पाण्यात पहिल्यांदाच उतरत होते. खाली गढूळ, काही दिसेना. हातानं चाचपडत गेले तर आधी गार लोखंड हाताला लागलं, मग त्याच्या मांडीला हात लागला आणि हाताला काय लागलं ते मी सांगत नाही. त्याला वर ढकललं, केसांना धरून ओढलं. वर आल्यावर त्याच्या मित्रांना मी अशा शिव्या दिल्या की त्या ऐकून ती दोघं भानावर आली आणि पोहत आली. तिघांनी मिळून त्याला पायऱ्यांवर घेतलं. ओढणी मांडीला करकचून बांधली. तो शुद्धीवर होता, तेच वाईट.

ओरडा ऐकून ओढ्यावरनं वहिनी धावत आली, हात साबणाचे, मागं आणखी दोघी. पोराचा पाय बघून ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "अवो वन्सं, कडूलिंबाकडनं कोन मारतंय वो उडी!" तेवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग उठली आणि घरातनं बाज काढून आणली. त्या बाजेवर घालून त्याला रस्त्यापर्यंत नेलं. कांद्याचा टेम्पो अडवला, पोती उतरवून बाज त्यात चढवली. टेम्पोवाला मुसलमान म्हातारा, त्यानं एक अक्षर विचारलं नाही, नुसता हॉर्नवर हात ठेवून गाडी शहरात आणली. वाटेत त्या पोराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो मला म्हणत होता, "सॉरी मावशी, विचारायला पायजे होतं." विचारायला पाहिजे होतं म्हणे! मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याला उराशीही धरावंसं वाटलं.

दवाखान्यात त्याला आत नेलं. मित्र भिंतीला टेकून उभे. त्यांच्याकडून कळलं, तो चादरीच्या कारखान्यात लूमवर आहे. दिवसभर उभं राहायचं काम. वडील नाहीत, आई विड्या वळते. म्हणजे पाय गेला तर घरच बसणार. मी बाकावर बसले. अंगावर ओले कपडे, सगळे लाल-तपकिरी झालेले. नवरा कोरडे कपडे घेऊन आला तर मी नको म्हटलं.

मोबाइल नवऱ्याचा घेतला, कारण माझा स्कूटीबरोबर चिखलात राहिला होता. पान उघडलं आणि नियमबियम गुंडाळून ठेवून लिहिलं: कडुलिंबाच्या बाजूला पाण्याखाली उभे लोखंड आहे. तिकडून उडी मारल्यास जीव जाऊ शकतो. वर, सगळ्यात आधी, ठळक. एवढी साधी दोन वाक्यं! ती लिहायला चहा थंड होईल एवढाही वेळ लागला नाही. थोड्या वेळात सरांचा फोन. त्यांना बाकीचं ठाऊक नव्हतं.

"बाई, भर बघितली. योग्यच केलंत. फक्त त्याला आधार म्हणून काही…"

"आधार आत टेबलावर झोपलाय, सर. या बघायला."

सरांनी फोन ठेवला. मग रिक्षा करून आलेच. आले आणि भिंतीशी उभे राहिले, चष्मा पुसत. त्यांना काही बोलायचा माझा हक्क नव्हता आणि मला ते कळतही होतं. त्यांनी ऐकलं ते लिहिलं. त्यांना सांगणारी माणसं आम्ही होतो. तरी मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

दुपार कलताना दादा आला, बाजारातनं तसाच. धोतराला शेळ्यांचा वास. वहिनीनं त्याला सगळं सांगितलेलं. तो माझ्याशेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "बाई, शहरातली पोरं असली म्हनून काय झालं? कुनाला तरी इचारायचं न्हाय व्हय?" मला कळत होतं की त्याला हा दोष कुणाच्या तरी पदरात टाकायचाय, आणि टाकायला कुणी सापडत नाहीये.

डॉक्टर बाहेर आले. मांडीचं हाड मोडलंय, मोठी शीर थोडक्यात वाचलीय. जीव वाचला. पाय काढावा लागणार नाही असं आत्ता तरी वाटतंय. पण पूर्वीसारखा दिवसभर उभा राहील का, ते आज सांगता येणार नाही. ते हे सांगत असतानाच त्याची आई आली. शेजारच्या बाईला घेऊन, चालत की धावत कोण जाणे. माझ्याच वयाची, बारीक, हाताच्या बोटांना तंबाखूची पिवळी पूड. मित्रांपैकी एकानं डॉक्टरांचं बोलणं तिला तेलुगूत सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, पदर तोंडावर धरला, आणि मग खाली फरशीवर बसली. बाकावर बसा म्हटलं तर नको म्हणाली.

बराच वेळ ती आवाज न करता रडत होती. मग तिनं पदर बाजूला केला आणि दादाकडं बघितलं. कुणीतरी तिला सांगितलं असावं.

"विहीर तुमची?"

"व्हय," दादा म्हणाला. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"आत लोखंड आहे, ते तुम्हाला माहीत होतं?"

"ते तर सगळ्यास्नी ठावं हाय, माय."

तो हे वाईट बुद्धीनं बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं, जन्मभर तसंच वाटत आलेलं. मीही दुसरं काही बोलले नसते.

ती बाई भांडली असती तर बरं झालं असतं. मी त्याचीच वाट बघत होते. तिनं शिव्या द्याव्यात, पोलिसांत जाते म्हणावं, पायातली चप्पल माझ्या तोंडावर फेकावी. ती भांडली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या कपड्यांवरच्या डागांकडं बघितलं, आणि मला समजावून सांगावं तसं मोडक्या मराठीत म्हणाली,

"अक्का, मला वाचायला येत नाही. मी पाण्याला लई भिते. म्हणून पोरगं कुठं पोहायला जायला लागला की मी जाऊ देत नाही. आज सकाळी पण नाही म्हटलं. तर त्यानं मोबाइल काढला. म्हणला, अम्मा, बघ, त्या गावच्या लोकांनीच लिहिलंय सगळं. मी म्हटलं, वाच. पूर्ण वाच, मधलं सोडू नको. त्यानं वाचलं. दगड कुठला, पारवे किती, गावानं पाणी कधी भरलं, सगळं वाचलं. मी काम सोडून ऐकलं. एकदा ऐकून झालं तर पुन्हा वाचायला लावलं, वाईट काही आहे का बघायला." तिनं पिवळी बोटं पदराला पुसली. "नव्हतं काही. म्हणून मी जा म्हटलं."